जाळीचा काठ

दिवाळीला पंधरा दिवस होते आणि मिरचीच्या क्रॉसिंगचे बारा दिवस उरले होते, तेव्हा जाळीचा पहिला तुकडा सुचिताच्या मानेवर पडला. तिला वाटलं, वाळलं पान असेल. डाव्या हातात कळी, उजव्या हातात चिमटा. अशा वेळी बाई मान खाजवत नाही. उद्या उमलणारी कळी आज नेमकी हेरावी लागते, आणि एकदा हातून सुटली की झाडाच्या गर्दीत पुन्हा सापडत नाही. तिनं कळीच्या पोटातले पिवळे केसर एकेक करून उपटले, देठाला लाल दोरा अडकवला आणि मग मानेवर हात नेला. हातात आलं ते पान नव्हतं. हिरव्या धाग्याचा टीचभर गुंता होता. बोटांत दाबला तर पापडासारखा चुरा झाला.

तिनं वर पाह्यलं. वीस गुंठ्यांवर ताणलेली जाळी, तीन वर्षांपूर्वी गर्द हिरवी होती, आता तिच्यावर पांढरट कळा आली होती. मधल्या पट्टीत तीन ठिकाणी आभाळ दिसत होतं.

लोणारकडच्या त्या गावात अशी अकरा शेडनेटं. आत मिरची असते, पण मिरची कोणी विकत नाही. विकतात ते बी. नराच्या झाडाची पावडर, म्हणजे पराग, मादीच्या फुलाला बाईच्या बोटानं लागली पाहिजे, दुसऱ्या कोणी लावायची नाही; हेच क्रॉसिंग. म्हणून तर जाळी. जाळीला बोट जाईल एवढं भोक दिसलं की बियाणं कंपनी प्लॉट रद्द करते. मधमाशी काय कंपनीचा कागद वाचून आत येते? ती कुठल्या बांधावरच्या मिरचीची पावडर पायाला लावून येईल आणि सहा महिन्यांची मेहनत मातीत घालेल.

सुचितानं हातातला चुरा पदराला पुसला आणि सासूला हाक मारली.

सासू म्हणजे जनकाबाई. नवरा गेल्यावर बावीस वर्षं शेत एकटीनं ओढलेली बाई. तिच्यासमोर तिचा लेक गोकुळ अजूनही पोर होता आणि सून त्या पोराची बायको होती, एवढंच. जनकाबाई आली, कमरेवर हात ठेवून तिनं वर पाह्यलं आणि म्हणाली, की पाच वर्षांची गॅरंटी म्हणून जाळी घेतली, तीन वर्षांत कशी कुजली? कोणी तरी आपल्याला फसवलं. फसवलं म्हटल्यावर तिला माणूस शोधायला वेळ लागत नसे. जाळी शिवली कोणी? संघपालनं. मग झालं.

संघपाल त्याच गावचा, पलीकडच्या वस्तीतला. अकराही शेडनेटं त्यानं शिवलेली. हातभर लांब सुई, नायलॉनचा दोरा, आणि पाइपावर मांडी घालून बसायची सवय. पाच मीटर उंचीवर, खाली ओट्यावर बसून चहा मागावा इतक्या आरामात बसायचा. त्याची बायको रेणुका सुचिताच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंगला यायची. दहा बायकांत हात तिचाच चांगला. दिवसाला हजार कळ्या, आणि त्यातल्या हजारांना मिरची धरायची.

त्या दुपारी जनकाबाईनं गोकुळला जाळीवाल्यांना फोन करायला सांगितलं आणि सुचिताला गॅरंटीचं कार्ड शोधायला. कार्ड सुचितानंच ठेवलं होतं, ट्रंकेत, स्वतःच्या बारावीच्या मार्कशीटखाली. ते तिनं काढलं, पुढची बाजू पाह्यली, मग सहज उलटवलं. मागं बारीक हिंदीत पाच-सहा ओळी होत्या. इतक्या दिवसांत कोणी वाचल्या नव्हत्या. कार्डाची मागची बाजू वाचतं कोण?

धाग्यात उन्हापासून वाचवणारी दवा मिसळली आहे, असं त्यात होतं. आणि पुढं होतं, की गंधक असलेली औषधं जाळीवर पडली तर ती दवा मरते, मग ऊन धागा खाते, आणि मग कंपनीची जबाबदारी नाही.

सुचिता ट्रंकेसमोर खाली बसली. 

कारण गंधक तिनं मारला होता. दर आठव्या दिवशी, तीन वर्षं. मिरचीवर भुरी येते, पानाच्या खालून पांढरी बुरशी चढते आणि पान गळते. गोकुळला गंधकाच्या वासानं धाप लागते, म्हणून पंप सुचिताच्या पाठीवर. खालून नळी फिरवून फिरवून हात मोडायची वेळ आली तेव्हा तिनं तिची तिची तोड काढली होती. नळी झाडावर धरायचीच नाही. सरळ वर जाळीवर मारायची. जाळीवर आदळून त्याचं धुकं होतं, ते सावकाश खाली उतरतं आणि पानाच्या खालीवर सगळीकडे बसतं. अर्ध्या वेळात काम, आणि भुरी गायब. कंपनीचा माणूस गजेंद्र मोटारसायकलवरून प्लॉट पाहायला यायचा, त्यानं ते पाह्यलं आणि गावभर सांगितलं. बाकीच्या दहा शेडनेटांचे लोक येऊन पाहून गेले. गावात त्याला 'सुचितावहिनीचा पाऊस' म्हणू लागले. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं होतं. त्या घरात तिचं नाव घेऊन कोणी काही चांगलं बोललं ते तेवढंच.

आता त्या पावसानं अकरा जाळ्या खाल्ल्या होत्या.

गोकुळ फोन करून आत आला तेव्हा तिनं त्याला कार्ड वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "आईले नको सांगू."

"मंग कोनाले सांगू?"

"कोनालेच नको. तुनं सांगतलं तं दहाही घरं आपल्या अंगावर येतीन. म्हनतीन, तुमच्या बायकोनं शिकवलं." तो थोडा थांबला. "आनं जाळी तं कोनीच बदलून देनार नाही."

वाईट माणूस नव्हता गोकुळ. रात्री तिचे पाय दुखले तर तेल लावून द्यायचा. पण आईच्या आवाजापुढे त्याचा आवाज कधी उभा राह्यला नव्हता, आणि आता चाळिशीकडे झुकताना तो उभा राहील असं सुचितालाही वाटत नव्हतं. तिनं कार्ड गव्हाच्या कोठीत, दाण्यांत खोल खुपसून ठेवलं. सासूला सांगितलं, सापडत नाही.

पुढचे चार दिवस तिनं खाली मान घालून काम केलं. सकाळी साताला बायका यायच्या. नराच्या फुलांची पावडर वस्त्रगाळ करून प्रत्येकीच्या बोटातल्या अंगठीत भरायची. अंगठीला वर छोटी वाटी असते, त्यात. मग काल केसर काढलेलं एकेक फूल त्या वाटीत बुडवायचं. अकरापर्यंत ते. दुपारी तीनपासून पुन्हा उद्याच्या कळ्या. पाठ मोडते, डोळ्यांसमोर पिवळे ठिपके नाचतात, मिरचीच्या झाडाचा उग्रपणा बोटांच्या पेरांत मुरतो आणि जेवताना डोळ्याला हात लागला की आग होते. त्यात आता वरून जाळीचा भुगा पडायचा. केसांत, मानेवर, पोलक्यात. घामानं चिकटायचा आणि खाजायचा. जनकाबाईनं भोकांना जुनी लुगडी बांधायला लावली होती. वारा आला की लुगड्याशेजारी नवं भोक पडायचं. त्या लुगड्यांखाली गजेंद्र येऊन उभा राह्यला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, आठ दिवसांत नवी पट्टी टाका, नाही तर मला वर लिहावं लागेल. गंधकाचं तो काही बोलला नाही. सुचितानं त्याच्याकडे दोनदा पाह्यलं, दोन्ही वेळा तो मोबाइलमध्ये पाहत होता.

रेणुका शेजारच्या सरीत होती. बऱ्याच वेळानं, हात न थांबवता तिनं विचारलं, "वहिनी, जाळी कायनं सडते?"

"उन्हानं," सुचिता म्हणाली.

"उन्हानंच सडते ना? मंग लोक काऊन म्हनते, की संघपालनं बदलली?"

सुचितानं पुढचं फूल धरलं. एका फुलाला दोनदा पावडर लावली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पाचव्या दिवशी जाळीवाल्यांचा माणूस आला. शहरी बोलणारा, पांढऱ्या शर्टातला, पायात बूट. शेडनेटच्या बाहेर लिंबाखाली खाटा टाकल्या. बाकीच्या दहा शेडनेटांचे कर्ते आले, खाटांवर बसले. जाळ्या सगळ्यांच्याच पांढऱ्या पडल्या होत्या. जनकाबाईच्या गेल्या, आपल्याही जातील, हे प्रत्येकाला दिसत होतं. संघपालला बोलावलं होतं. तो आला आणि बांधावर बसला. खाटेवर बस, असं त्याला कोणी म्हटलं नाही. क्रॉसिंगच्या बायका जाळीच्या आतून पाहत होत्या, आणि सुचिता चहाच्या कपांची थाळी धरून मध्ये उभी होती.

त्या माणसानं जाळीचा तुकडा चोळून पाह्यला. मग शाळेत मास्तर सांगतो तसं सांगितलं, की धागा बनवतानाच त्यात एक दवा घातलेली असते. ऊन आलं की ती ऊन स्वतःवर घेते, धाग्याला लागू देत नाही. दवा पाच वर्षं पुरते. "तीन वर्षांत अशी जाळी झाली, तर दोनच गोष्टी. तुम्ही गंधक मारला, नाही तर ही जाळी आमची नाही. गंधक मारलाय का?"

 जनकाबाईनं पदर सावरला.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या गावात गंधक कोनी मारत नाही."

बाकीच्यांनी माना हलवल्या. दहाही जणांनी. सुचितानं थाळी पोटाशी दाबून धरली.

"मग आमच्या जाळीच्या काठावर दोन पिवळे धागे असतात. दाखवा," तो माणूस म्हणाला.

काठ जाळीला नव्हताच. तिकडची रीत अशी, की जाळी शिवताना काठाची पट्टी कापून टाकतात आणि ती शिवणाऱ्याची असते. 'काठ कारागिराचा' असं सगळे म्हणतात. शिंप्याला चिंध्या, सुताराला ढलप्या, तसा. अकरा शेडनेटांचे काठ संघपालनं नेले होते आणि तेव्हा त्यात कोणाला काही वाटलं नव्हतं. आता सगळ्यांनी त्याच्याकडे पाह्यलं.

संघपाल उठला, काही न बोलता वस्तीकडे पळत गेला आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आला. त्याच्या हातात काठाची लांब पट्टी होती. रेणुकानं अंगणात कपडे वाळत घालायला बांधली होती, तीन वर्षं, बारा महिने उन्हात. तिच्यात दोन पिवळे धागे होते. त्यानं ती दोन्ही हातांत धरून ताणली. शिरा तटतटल्या, पण पट्टी तुटली नाही.

"पाहा साहेब," तो म्हणाला. "हाच काठ, ह्याच जाळीचा. मी बदलली नाही. तुमचाच माल हाय."

त्या माणसानं पट्टी हातात घेतली. नखानं खरवडली, ताणली, खूश झाला.

"हो, ही आमची. दवा अजून जिवंत आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं उन्हात राहून एवढी मजबूत आहे, मग वरची कुजली कशी? म्हणजे वरची आमची नाही. काठ आमचा ठेवला आणि जाळी दुसरीच शिवली."

संघपालचं तोंड उघडं राह्यलं. त्यानं पट्टीकडे पाह्यलं, वर जाळीकडे पाह्यलं. स्वतःच्या हातानं आणलेला पुरावा स्वतःच्या गळ्यात पडला, आणि तो कसा पडला हे त्या बिचाऱ्याला उमगेना. उमगत होतं ते सुचिताला. काठावर गंधक पडला नव्हता म्हणून काठ जिवंत होता. एवढंच होतं, आणि एवढं एक वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

तेवढ्यात जाळीच्या आतून रेणुका बोलली. "गंधक तं मारते. मीच पानी आनून देते पंपाले."

जनकाबाई गर्रकन वळली. "नवऱ्यासाठी खोटं बोलून राह्यली तू. काम करतं माहं आनं..." मग तिनं सुनेकडे पाह्यलं. "सुचिता, फवारा तूच मारते ना? सांग त्यायले. मारला का गंधक?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. खाटांवरचे दहा, बांधावरचा एक, आतल्या बायका. गोकुळ जमिनीकडे पाहत होता. हो म्हटलं तर अकरा जाळ्यांचं खापर तिच्या माथी, सासू गेली, गावातलं तोंड गेलं. आणि सगळ्यांना पावसाची तोड शिकवणारी ती एकटी. नाही म्हटलं तर फक्त संघपाल. सुचिताला स्वतःचा राग आला, की असा हिशोब आपल्या मनात येतोच कसा. आणि राग येत असतानाच ती म्हणाली, "नाही."

रेणुका जाळीतून तिच्याकडे पाहत राह्यली. मग तिनं बोटातली अंगठी काढली, सरीच्या कडेला ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेली.

जाळीवाल्यांचा माणूस 'जाळी आमची नाही' असं लिहून गेला. गावानं तिथंच ठरवलं, की नवी जाळी ज्यानं त्यानं विकत आणायची, आणि संघपालनं जनकाबाईच्या नव्या पट्ट्या फुकट शिवून द्यायच्या, आणि मग एकेकाच्या. नाही म्हणाला तर पोलीस. तो नाही म्हणाला नाही. मेहकरकडे तीन शेडनेटांचं काम त्यानं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला, की येऊ नको. अशा बातमीला पाय नसतात, पण ती एस.टी.च्या आधी पोचते.

दुसऱ्या दिवसापासून तो सुचिताच्या डोक्यावर होता. शब्दशः. ती खाली सरीत, तो वर पाइपावर. जुनी जाळी कापायचा, नवी ओढायचा, टाके घालायचा. ऑक्टोबरचं ऊन डोळे फोडणारं. त्याची सावली सरीवरून सरकत यायची, सुचिताच्या हातावर पडायची, पुढं जायची. वरून भुगा पडायचा, मध्येच घामाचा थेंब. जनकाबाई त्याला दुपारी पाणी पाठवायची, पण चहा नाही. चोराला चहा कसला? सुचितानं एकदा भाकर बांधून शिडीपाशी ठेवली. संध्याकाळी ती तिथंच होती, मुंग्या लागलेली.

रेणुकाची सरी सुचितानं स्वतःकडे घेतली होती. तिला रोज साडेसातशेच्या वर कळ्या होत नव्हत्या. रात्री झोपताना डोळे मिटले की तिला ती पट्टी दिसायची, दोन हातांत ताणलेली.

चौथ्या दिवशी बायका जेवायला गेल्यावर ती आत एकटी राह्यली. वर सुईचा दोरा सर्रकन ओढल्याचा आवाज येत होता. ती त्याच्या खाली जाऊन उभी राह्यली.

"संघपालभाऊ."

आवाज थांबला.

"जाळी तुम्ही नव्हती बदलली. गंधकानं गेली. मी मारला. कार्डावर लिवलं होतं, मले माहीत होतं."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. ती तेवढ्यासाठीच आली होती, हे तिला त्याच क्षणी कळलं. 

"मले माहीत हाय, वहिनी," संघपाल म्हणाला. "रेणुकानं त्याच दिशी सांगतलं." दोरा पुन्हा सर्रकन गेला. "इथं जाळीत सांगून काय उपेग? माहं नाव जाळीत नाही गेलं. ते तिकडं लिंबाखाली गेलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर सोपं झालं असतं. ती तिथं उभी राह्यली आणि मग, काय करावं न कळून, पुन्हा सरीत बसली आणि कळ्या हेरू लागली.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. सकाळी सुचिताला नराच्या ओळीत पानाखाली पांढरे ठिपके दिसले. भुरी. जनकाबाईनं पानं उलटून पाह्यली आणि म्हणाली, की आज संध्याकाळी गंधक मारून घे, पोतं मागच्या खोलीत गोणपाटाखाली हाय. सहज म्हणाली, मीठ आण म्हणावं तसं. सुचितानं तिच्याकडे पाह्यलं. जाळी कशानं गेली, हे ह्या बाईला माहीत होतं. लिंबाखाली बसून, पदर सावरून 'नाही' म्हणताना तिला माहीत होतं.

आणि अकराच्या सुमारास चार शेडनेटांचे कर्ते आले. इथलं काम दोन दिवसांत उरकेल, मग संघपाल कोणाकडे जाणार यावरून त्यांची बोलाचाली लागली. एक म्हणाला, आधी माझ्याकडे, माझी जाळी जास्त गेली. दुसरा म्हणाला, मी आधी नंबर लावला होता. भाड्याच्या ट्रॅक्टरचं बोलावं तसं, तो वर बसलेला असताना. संघपालनं खाली पाह्यलंही नाही. टाके घालत राह्यला.

सुचितानं चिमटा खोचला आणि बाहेर आली. ती थेट लिंबाखाली गेली, जिथं चौघं उभे होते आणि जनकाबाई बसली होती.

"गंधक मी मारला," ती म्हणाली. आवाज फाटला, तिनं पुन्हा म्हटलं. "तीन वर्षं मारला. जाळीवर मारला. तुम्हालेही मीच शिकवलं, तुम्ही सगळ्यायनं मारला. त्याच्यानं दवा मरते आनं जाळी जाते. कार्डावर लिवलं हाय, कार्ड माह्यापाशी हाय. संघपालनं काही केलं नाही. मी तवा खोटं बोलली."

ती थांबली आणि वाट पाहू लागली. तिनं मनाची तयारी केली होती शिव्यांची, आरड्याओरड्याची. वीज पडेल असं तिला वाटलं होतं.

काहीच झालं नाही. चौघांपैकी एकानं तंबाखू मळायला घेतली. दुसरा चप्पल पाहत होता. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाह्यलं, आणि कोणाच्याच तोंडावर नवल नव्हतं. कोणाच्याच. त्या पांढऱ्या शर्टवाल्यानं 'गंधक' शब्द काढला तेव्हाच जाळ्या कशानं गेल्या ते सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. तिला वाटत होतं, हे ओझं गावात ती एकटी वागवते आहे. दहा दिवस ती त्याखाली दबली, आणि इथं प्रत्येकाच्या खिशात तेच होतं आणि ते त्यांना मुळीच जड नव्हतं.

"ऊन लागलं पोरीले," जनकाबाई म्हणाली. "दिवसभर जाळीत असते. गोकुळ, घरात ने तिले, कांदा फोडून दे हुंगाले."

"हाव, ऊनच हाय यंदा," तंबाखूवाला म्हणाला.

गोकुळ पुढं आला. त्यानं तिचा दंड धरला, पण ओढला नाही. तो तिच्याकडे पाहत होता, आणि मग त्यानं हात सोडला आणि आईला म्हणाला, "तिले ऊन नाही लागलं." हळूच म्हणाला, पण म्हणाला.

तेवढ्यात शिडी वाजली. संघपाल उतरत होता. सावकाश, एकेक पायरी. त्यानं सुई नव्या जाळीच्या गुंडाळीत टोचून ठेवली, दोऱ्याचा बिंडा तिच्यावर ठेवला. अंगावरचा भुगा झाडला. मग लिंबाखाली आला आणि पहिल्यांदा खाटेवर बसला. कोणी बस म्हटलं नव्हतं. त्यानं तांब्या उचलून वरून पाणी पिलं, तोंड पुसलं.

"सर्वायनं ऐकलं ना?" त्यानं विचारलं.

कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही.

"ऐकलं तं झालं." तो उठला. "पोलिसात जायचं तं जा. मी कुठी पळत नाही. वहिनी तिथं काय सांगते ते मले आता माहीत हाय."

तो निघाला. जनकाबाई मागून म्हणाली, की वर अर्धी पट्टी उघडी हाय, ती काय तशीच टाकून जातो? तो थांबला, वळला, पण तिला नाही, सुचिताला म्हणाला, "टाके बोटभर अंतरावर घाला. लांब घातले तं वाऱ्यानं फाटते." आणि वस्तीच्या वाटेला लागला.

शेडनेटच्या माथ्यावर आठ-दहा हात आभाळ उघडं होतं. उन्हाची लख्ख पट्टी थेट मादीच्या ओळींवर पडली होती, आणि त्या पट्टीत काहीतरी बारीक, काळसर, गुणगुणत खाली उतरलं. मग दुसरं. चौघे शेतकरी ते पाहून मुकाट्यानं आपापल्या शेडनेटांकडे गेले. जनकाबाई ओरडत होती, की पोराहो पाहता काय, लुगडी आणा, बायकांले बोलवा, प्लॉट गेला माहा. मग ती सुनेवर उलटली आणि तोंडाला येईल ते बोलली. ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

सुचितानं पदर कमरेला खोचला. सुई उचलली, बिंडा खांद्यावर टाकला आणि शिडी चढू लागली. आयुष्यात ती कधी त्या पाइपावर गेली नव्हती. गोकुळनं शिडी धरली. वर गेल्यावर उन्हानं तिचे डोळे मिटले, पाइप इतका तापला होता की मांडीला चटका बसला. थोड्या वेळानं डोळे उघडले तेव्हा तिला गावातली सगळी शेडनेटं दिसली, एकामागे एक, पांढरी पडलेली. तिच्या पावसात भिजलेलं सगळं गाव.

पहिला टाका लांब पडला. तिनं तो उसवला आणि पुन्हा घातला, बोटभर अंतरावर. घाम डोळ्यांत जात होता आणि बोटांवरच्या मिरचीनं डोळे पेटले होते; पुसायला हात मोकळा नव्हता. खाली बायका पदरानं मधमाश्या हाकलत होत्या. संध्याकाळी पंप बाहेर काढलेला दिसला नाही म्हणून जनकाबाई शिडीपाशी येऊन उभी राह्यली.

"गंधक कोन मारीन मंग? भुरी चढून राह्यली."

"मी नाही मारत," सुचिता वरून म्हणाली.

"मंग उतर खाली."

सुचिता उतरली नाही. अजून पाच हात शिवायचं बाकी होतं, आणि उजेड होता.